वाढत्या अंगाचा फ्रॉक: खांद्याला आजचं माप, घेराला पुढच्या वर्षाचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी साडेसात वर्षांची. दर चैत्रात नवा फ्रॉक घेता आणि दिवाळी येईपर्यंत तो आखूड होतो. सासूबाईंचं पायाचं मशीन घरात आहे, सरळ शिलाई तुम्हाला येते, पण कापड बेतायला हात धजत नाही. सुती फ्रॉक घरीच शिवायचा आहे, तो निदान दोन उन्हाळे जावा, आणि मुलीला घामोळं येतं म्हणून आतून कुठे टोचू नये. तर कापड कोणतं, किती, आणि ‘वाढत्या अंगाचं’ म्हणजे नक्की किती मोठं शिवायचं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण सगळा फ्रॉक त्यावर उभा आहे. वाढत्या अंगाचं म्हणजे मोठं नव्हे. गेली तीस वर्षं पुण्यात शिवणाचे वर्ग घेते आहे, आणि दर मार्चमध्ये नव्याने आलेल्या आया पहिला फ्रॉक दोन वर्षं मोठ्या मुलीच्या मापाने बेततात. मीही तेच केलं होतं. माझी लेक सहा वर्षांची असताना भाच्याची मुंज होती, ऐन मे महिन्यात. पिवळं पॉपलीन आणून मी हौसेने फ्रॉक शिवला. छातीला चार इंच जास्त, खांद्याला दीड इंच जास्त, म्हटलं पुढच्या वर्षीही होईल. पंगतीत बसल्यावर पाहिलं, तर ती उजव्या हाताने श्रीखंड खात होती आणि डाव्या हाताने घसरणारा खांदा धरून बसली होती. जेवण संपेपर्यंत तो हात खाली आला नाही. पुढच्या वर्षी फ्रॉक बरोबर मापाचा झाला, पण तोवर पिवळा रंग विटला होता आणि तिच्या मनातून तो उतरला होता.

तेव्हापासून एकच गोष्ट शिकवते. खांदा, गळा आणि मुंढा (हात बाहेर काढायची जागा) आजच्या मापाचे ठेवा. वाढ लपवायची ती उंचीत आणि घेरात.

याला कारण शरीराचं आहे. साधारण चौथ्या वर्षापासून नऊ-दहा वर्षांपर्यंत मूल दरवर्षी ५ ते ६ सेंटिमीटर, म्हणजे दोन ते सव्वादोन इंच उंच होतं. छाती त्या मानाने हळू भरते, वर्षाला जेमतेम इंचभर. खांदा तर पाव-अर्धा इंचच रुंदावतो. म्हणजे मुलगी रुंदीपेक्षा उंचीत कितीतरी पटीने वाढते, आणि उंचीची वाढही बरीचशी पायात होते. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच्या फ्रॉकला वर्षाला साधारण दीड इंच पुरतो. ही एवढीशी वाढ सांभाळायला खांदा लोंबता ठेवण्याची काहीच गरज नसते.

(मुलगी दहा-अकराची असती तर वेगळं सांगितलं असतं. त्या वयात मुली एकदम वाढतात, एका वर्षात आठ सेंटिमीटरसुद्धा, आणि अंगही बदलतं. तेव्हा एकाच उन्हाळ्यापुरतं शिवावं. तुमची साडेसातची आहे, अगदी योग्य वय.)

आता फ्रॉकचा प्रकार. कमरेत जोड असलेला फ्रॉक शिवू नका. दिसायला छान असतो, पण वर्षभरात तो कमरेचा जोड बरगड्यांवर चढतो आणि मग खालून कितीही उसवून लांब केला तरी फ्रॉक तोकडाच दिसतो. योकचा फ्रॉक शिवा. छातीच्या वरच्या भागात योक, म्हणजे खांद्यापासूनचा छोटा सपाट तुकडा, आणि त्याखाली चुण्या घातलेला घेर. योकची शिलाई अर्धा इंच वर गेली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय छातीचा सगळ्यात रुंद भाग चुण्यांमध्ये येतो, त्यामुळे छाती दोन इंच वाढली तरी फ्रॉक आवळत नाही. तिसरा फायदा पुण्याच्या उन्हाचा. इथला एप्रिल कोरडा असतो, कापड अंगापासून सुटं राहिलं की आत हवा खेळते आणि घाम वाळतो. चुण्यांचा घेर नेमका तेच करतो.

कापडाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे चुकलं की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

पहिल्या फ्रॉकला कॅम्ब्रिक घ्या. ते मऊ असतं, कात्रीखाली सरकत नाही, चुण्या नीट पडतात आणि अस्तराशिवाय चालतं. पॉपलीन टिकाऊ, पण जरा ताठ. घामोळं येणाऱ्या मुलीला दुपारी ते नको वाटतं. मलमल सगळ्यात थंड, पण एकपदरी पारदर्शक दिसते आणि नवशिक्या हाताला ती मशीनच्या दातांत ओढली जाते. मलमल योकच्या अस्तराला वापरा, तिथे ती सोन्यासारखी. खादी मला फार आवडते, पण जाड खादीत चुण्या आणि टक्स (कापड दुमडून शिवलेल्या आडव्या घड्या) एकत्र आले की फ्रॉकला वजन येतं. घ्यायचीच तर पातळ सुताची घ्या. रेयॉन सध्या सगळीकडे दिसतं, सुळसुळीत पडतं, स्पर्शालाही गार लागतं. मात्र ओलं झालं की त्याचा धागा कमजोर होतो, आटतंही बरंच, आणि बेतताना हातातून पळतं. पहिल्या फ्रॉकला नकोच.

दुकानात ‘प्युअर कॉटन आहे’ असं सांगतात, त्यावर विसंबू नका. कडेचे दोन-चार धागे मागून घ्या. घरी ताटलीत धरून काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा येतो आणि मागे मऊ राख राहते, बोटाने चुरगळते. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक काळा मणी होतो. मणी लागला की ते कापड उन्हाळ्यासाठी बाद. हे काम मोठ्यांनी, पाण्याचं भांडं जवळ ठेवून करायचं.

लक्ष्मी रस्त्यावर किंवा रविवार पेठेतल्या कापडगंजात सकाळी दुकानं उघडतात तेव्हा जा आणि मुलीला बरोबर न्या. रंग तिला निवडू द्या. तिने निवडलेला फ्रॉक ती दोन वर्षं घालेल. निवडलेलं कापड दाराशी उजेडात आणून बघा, दुकानातल्या दिव्यात रंग फसवतो. रुमालाचं टोक ओलं करून कापडावर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर गडद छटा सोडून फिकी घ्या. छापाकडेही लक्ष द्या. पानं-फुलं सगळी एकाच दिशेने उभी असतील तर प्रत्येक तुकडा त्याच दिशेने बेतावा लागतो आणि कापड जास्त लागतं. विखुरलेली बुट्टी किंवा बारीक चौकडा नवशिक्यांना सोपा.

आणखी एक पर्याय सांगते, जो मला नव्या कापडापेक्षाही जवळचा वाटतो. आजीची जुनी सुती साडी. ती आधीच आटलेली असते, कच्चा रंग केव्हाच निघून गेलेला असतो, आणि वीस-पंचवीस धुण्यांनी आलेला मऊपणा कुठल्याच नव्या ताग्यात मिळत नाही. पण साडी उजेडासमोर धरून इंच न् इंच बघा. जिथे विरळ दिसेल, अंगठ्यांनी हलकं ताणल्यावर धागे सरकतील, तो भाग सोडा. कमरेशी खोचलेला भाग आणि टाचेजवळचा काठ बहुधा विरलेला असतो. पदराच्या बाजूचं आणि मधलं कापड चांगलं निघतं. साडीचा काठ फ्रॉकच्या खालच्या कडेला आणायचा असेल तर तिथे दुमड घालता येणार नाही, नाहीतर काठच आत जाईल. अशा वेळी सगळी वाढ काठाच्या वर टक्स घालून ठेवायची. आपल्या आज्या परकराला हेच करत. काठाच्या वर तीन-चार टक्स, आणि दर वर्षी एक उसवायचा. त्या टक्सना आपण नक्षी समजत होतो, तो खरं म्हणजे हिशेब होता.

नवं कापड किती लागेल ते सांगते. ४४ इंची पन्ह्याचं, म्हणजे तेवढ्या रुंदीचं, पावणेदोन मीटर. आटलं नसतं तर दीड मीटरमध्ये फ्रॉक बसला असता, पण सुती कापड पहिल्या पाण्यात शेकडा ३ ते ५ आटतं. २७ इंचांच्या फ्रॉकमध्ये ५ टक्के म्हणजे सव्वा इंचाहून जास्त. जवळजवळ एका वर्षाची वाढ पहिलं धुणंच खाऊन टाकतं! तुमचे फ्रॉक दिवाळीपर्यंत आखूड होतात त्यात मुलीच्या वाढीइतकाच या आटण्याचाही वाटा असणार. म्हणून कापड आणलं की आधी साध्या पाण्यात रात्रभर भिजवा, अस्तराचं कापडही वेगळ्या बादलीत भिजवा. पिळू नका, तसंच सावलीत वाळत घाला, थोडं दमट असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा. कांजी निघून गेल्यावर कापडाचा खरा पोत हाताला कळतो. मीठ टाकून कच्चा रंग पक्का होत नाही, तेवढ्यावर भिस्त ठेवू नका. पाणी खूप रंगलं तर दोन-तीन पाण्यांतून काढा.

मापं घेताना मुलीच्या अंगात पातळ शमीज असावी. छातीचं माप बगलेखालून, टेपच्या आत आपली दोन बोटं जातील इतपत. आमच्या वर्गात एक चिमुरडी ‘काकू, गुदगुल्या होतात’ म्हणून अंग चोरून उभी राहायची, तिचं माप दर वेळी इंचभर कमी यायचं. हसून झालं, श्वास सोडला, हात खाली आले की मगच टेप वाचा. खांदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाठीवरून घ्या. उंची मानेशेजारच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. डोक्याचा घेरही मोजा, तो सगळे विसरतात. शेवटी तिला मांडी घालून बसायला आणि दोन्ही हात वर करायला सांगा, आणि तेव्हा काय होतं ते बघा. खेळणाऱ्या मुलीचा फ्रॉक उभ्या पुतळ्याच्या मापाने बेतू नये.

या वयाच्या मुलीची मापं धरून उदाहरण देते, तुम्ही तिथे आपली मापं घाला. छाती २४, खांदा १० १/२, समोरची रुंदी एका मुंढ्यापासून दुसऱ्यापर्यंत ९, उंची २७, डोकं २० १/२.

बिनबाहीचा फ्रॉक असल्याने खांद्याचं माप अर्धा इंच कमी करून १० धरा, निम्मे ५. मुंढ्याची खोली छातीचा चौथा भाग म्हणजे ६, अधिक अर्धा इंच सैल, साडेसहा. योक खांद्यापासून फक्त ५ इंच. त्याची खालची रुंदी ९ अधिक १ इंच सैल, म्हणजे १०. गळ्याची रुंदी ५, समोरून खोली पावणेतीन, मागून दीड. मुंढ्याच्या साडेसहा इंचांपैकी ५ योकमध्ये आले, उरलेला दीड इंच खालच्या घेराच्या दोन्ही कोपऱ्यांत गोलाईने कापायचा, आत दोन इंच. पहिल्यांदा हे जुन्या वर्तमानपत्रावर काढा, कागद कापून मुलीच्या अंगाला लावून बघा. कागदावरची चूक फुकटात दुरुस्त होते.

गळा किती मोठा हे गळ्यापेक्षा डोक्यावर ठरतं. वर दिलेल्या गळ्याचा घेर साडेचौदा इंचांच्या आसपास भरतो आणि डोकं साडेवीस, त्यामुळे मागे उघडं हवंच. मागचा योक दोन भागांत बेता आणि मधे तो पूर्ण उघडा ठेवा. गळ्यापासून योकच्या शिलाईपर्यंत साडेतीन इंच मिळतात, दोन्ही कडा धरून सात. एकूण साडेएकवीस. डोकं आरामात जातं. मागच्या प्रत्येक भागाला मधल्या रेषेच्या पुढे अर्धा इंच चढ ठेवा, म्हणजे एकावर एक इंचभर येतील आणि तिथे दोन चपटी बटणं बसतील. मोठी उठावदार बटणं पाठीला नकोत, आडवं झाल्यावर रुततात. आणि गळ्याला नाडी अजिबात लावू नका. घसरगुंडीवर, झोपाळ्यावर गळ्याची नाडी अडकते, ती हौस जिवावर येऊ शकते.

घेराचे दोन तुकडे, प्रत्येकी २८ इंच रुंद आणि २८ इंच उंच. उंचीचा हिशेब नीट बघा, वाढ इथेच लपली आहे. दिसायला हवी ती उंची २७ वजा योक ५, म्हणजे २२. त्यात वरची माया (शिलाईसाठी सोडलेलं जास्तीचं कापड) अर्धा इंच, खालची दुमड ३ इंच, दुमडीची आतली कड अर्धा इंच आणि दोन टक्सचे प्रत्येकी एक इंच मिळवा. झाले २८. यातले टक्सचे दोन इंच आणि दुमडीतले दोन इंच असे एकूण चार इंच पुढच्यासाठी राखून ठेवले. वर्षाला दीड इंच धरले तर दोन उन्हाळे सहज निघतात, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात लेगिंगवर तो कुर्ता म्हणून चालतो.

४४ पन्ह्यात २८ चा तुकडा काढला की शेजारी १६ इंचांची पट्टी उरते. योकचे पुढचे-मागचे तुकडे त्यात बसतात, चारी बाजूंना अर्धा इंच माया धरूनही. कापडाचा उभा धागा योकमध्येही उभाच ठेवा. आडवा धागा खांद्यावर आला तर धुण्यागणिक खांदा ताणला जातो. उरलेल्या कापडातून मुंढ्यांसाठी सव्वा इंच रुंदीच्या उरेब पट्ट्या काढा. उरेब म्हणजे बरोबर तिरक्या धाग्यावर कापलेल्या, सरळ पट्टी मुंढ्याच्या गोलाईवर वळत नाही, चुरगळते.

शिवायला बसण्याआधी मशीनला तेल घाला, रात्रभर चिंधी सुईजवळच्या, कापड दाबणाऱ्या पायाखाली ठेवून द्या, म्हणजे जास्तीचं तेल ती शोषून घेईल. कॅम्ब्रिकला ११ नंबरची सुई, खादीला १४. नवी सुई लावा, जुनी बोथट सुई सुती कापडाचे धागे ओढते. त्याच कापडाच्या दुहेरी चिंधीवर टीप मारून बघा, इंचात १० ते १२ टाके यायला हवेत.

क्रम असा. आधी योकचे खांदे जोडा, अस्तराचे खांदे वेगळे जोडा. मग योक आणि अस्तर सुलट बाजू आत घेऊन एकावर एक ठेवा, गळा आणि मागच्या उघड्या कडा शिवा. गळ्याच्या गोलाईला शिलाईपर्यंत बारीक कात्रे द्या, पण टाके तोडू नका, आणि उलटून इस्त्री करा. मागच्या दोन कडा इंचभर एकावर एक घेऊन खाली कच्च्या धावदोऱ्याने धरून ठेवा.

घेराच्या वरच्या कडेला पाव इंच अंतराने लांब टाक्यांच्या दोन ओळी मारा आणि खालचा, म्हणजे बॉबिनचा धागा ओढून चुण्या पाडा. एक ओळ पुरते असं वाटतं, पण दोन ओळींनी चुण्या सरळ उभ्या राहतात, एकीने त्या तिरक्या पडतात. कापड मधे टाचणीने मध्याशी मध्य जुळवून मग चुण्या दोन्हीकडे सारख्या वाटा, बगलेजवळचा एक इंच मात्र बिनचुण्यांचा ठेवा. घामोळं सगळ्यात आधी तिथेच येतं, तिथे कापडाची गर्दी नको. घेर फक्त बाहेरच्या योकला शिवा. अस्तराची कड आत दुमडून त्या शिलाईवर आणा आणि हाताने हेम घाला. आता चुण्यांची सगळी खरखरीत कड दोन कापडांच्या मधे बंद झाली.

बाजूच्या शिलाईलाही कड उघडी ठेवू नका. आधी उलट्या बाजू समोरासमोर, म्हणजे सुलट बाहेर ठेवून पाव इंचावर शिवा, माया कातरून अर्धी करा, कापड उलटवा आणि पुन्हा पाव इंचावर शिवा. माया आतल्या आत बंद होते. बाजूंना वाढीची माया ठेवायची नाही, घेर भरपूर आहे. म्हणूनच ही बंद शिलाई इथे परवडते. ओव्हरलॉकचा सिंथेटिक धागा बगलेत टोचतो, अंगाला घामोळं असलेली मुलगी तिथेच खाजवत राहते. मग मुंढ्यांना उरेब पट्टीचा गोट लावा, योकच्या भागात तो बाहेरचं कापड आणि अस्तर दोन्ही धरून.

मग खिसा. मुलींच्या कपड्यांना खिसा का नसतो हे मला आजवर पटलेलं नाही. पाच बाय साडेपाचचा एक साधा खिसा पुढे डावीकडे लावा, टक्सच्या जागेच्या बराच वर. चिंचेचे बुटुक, खडे, रबरबँड, सगळं त्यात जाईल, म्हणून वरच्या दोन कोपऱ्यांना त्रिकोणी टीप मारून पक्कं करा.

टक्स आणि दुमड शेवटी, आणि हे मुद्दाम लक्षात ठेवा. टक्स बाजूच्या शिलाया झाल्यावरच घालायचे. तुकडे सपाट असताना टक्स घालणं सोपं जातं म्हणून बऱ्याच जणी ते आधी घालतात. मग टकचं टोक बाजूच्या शिलाईत अडकतं आणि पुढच्या वर्षी टक उसवायला गेलं की आधी बाजू उसवावी लागते. घेर गोल जोडल्यावर, तीन इंचांची दुमड घालून हाताने सैलसर हेम घाला. दुमडीच्या वर एक इंच सोडून अर्ध्या इंचाचा एक टक, त्याच्या वर दीड-दोन इंचांवर दुसरा. टकांची तोंडं खालच्या बाजूला. इथे टाके जरा मोठे ठेवा, इंचात ७-८, म्हणजे उसवताना कापड फाटत नाही.

बाही हवी का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. घरात घालायला बिनबाहीचा उत्तम. दुपारी सोसायटीच्या मैदानात सायकल खेळणार असेल तर खांद्यावरून जराशी उतरणारी छोटी बाही लावा, खांद्यावर ऊन थेट बसत नाही. इलास्टिकची फुग्याची बाही मात्र नको. दंडाभोवती लाल वळ उमटतो आणि सगळ्यात आधी तीच घट्ट होते.

आता दुसरा उन्हाळा. जून आला की फ्रॉक धुऊन, कांजी न करता ठेवा. कांजीला कसर लागते. उरलेल्या कापडाचा एक तळहाताएवढा नव्हे तर चांगला मोठ्या रुमालाएवढा तुकडा पहिल्या दिवसापासून फ्रॉकबरोबरच धुवत जा. तो फ्रॉकसारखाच फिका होतो. पुढे कधी ठिगळ, नवा खिसा किंवा गोट लागला तर रंग जुळतो. कपाटात कोरा ठेवलेला तुकडा दोन वर्षांनी परक्या कापडासारखा दिसतो.

फाल्गुनात, पाडव्याच्या आधी, फ्रॉक मुलीच्या अंगावर घालून बघा. उंचीसाठी आधी खालचा टक उसवा, लागला तर वरचा. दुमड सगळ्यात शेवटी सोडा, कारण तिची खालची कड घासून फिकी झालेली असते आणि ती रेघ इस्त्रीने जात नाही. टकची खूण बारीक असते. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन त्यात भिजवलेलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली की घडी बरीच मोडते, आधी चिंधीवर रंग तपासून घ्या. दुमडीची रेघ झाकायला तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत नागमोडी लेस मिळते, ती रेघेवरच लावा. फ्रॉकचा घेर ५५ इंचांच्या आसपास आहे, पावणेदोन मीटर लेस घ्या. आणि लावण्याआधी ती लेसही भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटते आणि फ्रॉकची कड चुरमुरते.

मुंढा काचत असेल तर घाबरू नका. मोठा मुंढा लहान करता येत नाही, पण लहान मुंढा मोठा करता येतो. म्हणूनच तो आजच्या मापाचा ठेवायला सांगितला. गोट उसवा, बगलेत अर्धा इंच खाली खूण करा, ती रेषा वर योकच्या जोडाशी जुन्या कडेला मिळवा, कापा आणि जपून ठेवलेल्या त्याच तुकड्यातून नवी उरेब पट्टी काढून लावा. तासाभराचं काम आहे. उसवताना ब्लेड वापरू नका. बारीक कात्रीच्या टोकाने चौथा-पाचवा टाका तोडत जा आणि दुसऱ्या बाजूने धागा ओढा, तो सरळ सुटून येतो.